परत ठेवलेला डाव

आवाज तसा मोठा नव्हता. डाव पातेल्याच्या कडेला लागला की होतो तेवढाच. पण गेले काही महिने तो माझ्या कानातून जात नाही. रात्रीची जेवणं चालली होती. माझी सोळा वर्षांची मुलगी धावण्याच्या सरावावरून नुकतीच आली होती, केस अजून ओले होते, आणि हातात घेतलेलं काम पुरं करावं तशी ती मान खाली घालून जेवत होती. दोनदा वाढून घेऊन झालं होतं. तिसऱ्यांदा तिनं डाव उचलला आणि मी म्हणाले, "अजून? किती खातेस गं!" रागानं म्हटलं नव्हतं. दिवसभराच्या थकव्यात तोंडातून गेलं, इतकंच. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. भरलेला डाव अर्ध्या वाटेवरून मागे फिरला, पातेल्यात उपडा झाला आणि कडेला टेकला. "झालं माझं," असं म्हणून ती उठली.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी आई बसली होती. तिला आता ७९ वर्षं झाली आहेत. ताटात उरलेलं जेवण ती बोटांनी इकडून तिकडे सारत होती, मुलं वेळ काढायला करतात तसं. मुलगी उठून गेल्यावर मिनिटभरातच मी आईकडे वळले. "एवढंच? संपव की गं आई. खात नाहीस म्हणून तर अशी झालीयेस." आईनं नेहमीसारखं कसनुसं हसून ताट पुढे सारलं. नंतर भांडी घासताना पातेल्याच्या तळाशी तो एक डाव तसाच होता, वरून किंचित वाळलेला. एकीला पुरे म्हणाले, दुसरीला आणखी घे म्हणाले, आणि दोन्ही वेळा माझ्या आवाजात तीच खात्री होती. कुणाला किती भूक लागायला हवी, हे मला कुणी सांगितलं होतं?

खाण्याबद्दल आपण किती सहज बोलतो! चांगलं पोटभर जेवणारा माणूस हडकुळा राहिला तर "खाल्लेलं अंगी लागत नाही" म्हणतो. थोडं खाऊनही जाड असलेल्या बाईला "वारा खाल्ला तरी अंगी लागतो" म्हणतो, आणि तिच्या पाठीमागे ती चोरून खात असणार असंही म्हणतो. या "अंगी लागणं"वर मी त्यानंतर बरेच दिवस विचार करत राहिले, कारण त्यात अंग नुसतं घेणारं आहे. अन्न येतं, अंगाला लागतं किंवा लागत नाही. अंग स्वतः काही मागतं, आणि काय नि किती मागायचं हे ते कशाचं बनलंय त्यावर ठरतं, हे त्या शब्दांत येतच नाही. ते दुसऱ्या एका जुन्या बोलण्यात आहे. पोटात आग पडली, असं आपण म्हणतो. आग मागते. तिला किती लागेल ते चूल किती मोठी आहे त्यावर ठरतं.

आणि ती आग अगदी खरीच आहे. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी बर्फानं वेढलेल्या भांड्यात एक गिनिपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतं ते मोजलं. त्या प्राण्यानं श्वासातून सोडलेल्या वायूशी ते ताडून पाहिलं. कोळसा जळताना जे होतं तेच श्वास घेताना होतं, फक्त ज्योत दिसत नाही, असं त्यांनी म्हटलं. त्याच्याही आधी, इटलीतल्या पडुआमधले सांक्तोरिउस नावाचे वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून जेवत. साधारण तीस वर्षं त्यांनी स्वतःला, स्वतःच्या अन्नाला आणि अंगातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तोललं. आठ भाग आत गेलं तर पाच भाग कुठेच न दिसता नाहीसं होतं, असं त्यांनी १६१४मध्ये लिहून ठेवलं. त्या खुर्चीचं चित्र मी पाहिलं आहे. समोर जेवणाचं टेबल, वर तुळईला अडकवलेला काटा, आणि मधे एकटा माणूस. आपण जे खातो ते जातं कुठे, या एका प्रश्नासाठी कुणी तीस वर्षं लोंबकळत जेवावं, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

माझे बाबा ओतशाळेत होते. घरी यायचे तेव्हा कपड्यांना जळलेल्या वाळूचा आणि तेलाचा वास असायचा, आणि हात कितीही धुतले तरी नखांच्या कडा काळ्या राहायच्या. ते जेवायला बसले की घरात शांतता व्हायची. बोलणं नाही, वर पाहणं नाही. त्यांचं खाणं पाहत राहावं असं होतं. त्यात हाव नव्हती, एक सरळ हिशोब होता: दिवसभर साचे उचलले, आता त्याचं देणं चुकवायचं. मी आठवीत असताना त्यांना देखरेखीचं काम मिळालं. खुर्ची आली, पंखा आला, नखं स्वच्छ झाली. ताट मात्र तेच राहिलं. पहिल्या वर्षी शर्टाची बटणं ताणली, दुसऱ्या वर्षी सगळे पट्टे बदलावे लागले. भेटणारे म्हणायचे, खुर्ची मानवली. आई म्हणायची, आता जरा कमी जेवत जा, आणि बाबा खरोखर गोंधळून म्हणायचे, "पण भूक तेवढीच लागते गं." ते खोटं बोलत नव्हते, हे मला चाळीस वर्षांनी एका जुन्या अभ्यासात सापडलं.

१९५६ साली जाँ मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ज्यूट गिरणीतल्या २१३ पुरुषांचं खाणं, वजन आणि काम यांची सांगड घातली होती. एकीकडे दिवसभर बसून असणारे, दुसरीकडे जड ओझी वाहणारे, आणि मधे सगळ्या पायऱ्या. हलक्या कामापासून जड कामापर्यंत चढत गेलं की खाणंही त्या प्रमाणात वाढत होतं आणि वजन जागच्या जागी राहत होतं. पण अगदी बैठ्या टोकाला हा मेळ तुटत होता. तिथली माणसं हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होती, जवळजवळ ओझी वाहणाऱ्यांइतकं, आणि त्यांची वजनं सगळ्यात जास्त होती. म्हणजे शरीर हलत असेल तर भुकेला खर्चाचा अंदाज येतो, आणि हालचाल एका मर्यादेखाली गेली की तो अंदाजच सुटतो. बाबांची भूक त्यांना फसवत नव्हती, तिला नवी बातमी पोचलेली नव्हती. त्यांच्या पोटावरून आम्ही मुलं त्यांना किती चिडवलं होतं, ते आठवून त्या रात्री मला रडू आलं.

पण मग नुसत्या हालचालीवरच भूक ठरते का? तर तसंही नाही. त्याच सुमारास, १९५५मध्ये, ब्रिटनमध्ये एडहोम आणि मंडळींनी बारा लष्करी छात्रांचं खाणं आणि खर्च दोन आठवडे मोजला. एखाद्या दिवशी जास्त राबलेला माणूस त्या दिवशी जास्त खातो, असं काही दिसेना. दोन आठवड्यांची बेरीज केल्यावरच खर्च आणि खाणं एकमेकांजवळ आले. हे वाचून मला माझ्या मुलीचे सराव नसलेले दिवस आठवले. सुट्टीच्या दिवशीही ती तेवढीच खायची आणि मला वाटायचं, आज तर काही केलंच नाही हिनं. मी दिवसाचा हिशोब मागत होते. तिचं शरीर महिन्याचं खातं सांभाळत होतं.

आपल्या दिवसभराच्या खर्चातला मोठा वाटा आपण काहीच करत नसताना होतो, हे ऐकून माहीत असतं, पण ते मनावर ठसत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ६० ते ७० टक्के खर्च नुसतं जिवंत राहण्याचा असतो, दहाएक टक्के खाल्लेलं पचवण्याचा, आणि उरलेल्यात चालणं, उठणं, बसणं, पळणं सगळं येतं. त्या जिवंत राहण्याच्या खर्चाची वाटणी मी एकदा कागदावर मांडून बसले होते. स्नायू विश्रांतीत असताना किलोमागे दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतात. चरबी ४.५च्या आसपास. यकृत किलोमागे २००, मेंदू २४०, आणि हृदय नि मूत्रपिंडं प्रत्येकी ४४०. वजनाच्या सहा टक्केही न भरणारे हे अवयव विश्रांतीतल्या खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग उचलतात. मी खुर्चीत बसून हे लिहिते आहे तेव्हा माझा दीड किलोही नसलेला मेंदू माझ्या विश्रांतीच्या खर्चाचा पाचवा हिस्सा जाळतो आहे. व्यायामशाळांमधून "स्नायू वाढवा, झोपेतही चरबी जळेल" असं सांगितलं जातं, त्यात तथ्य आहे, पण फारच थोडं. किलोभर स्नायू कमावला तर विश्रांतीत वाढणारा खर्च दोन-तीन घासांच्या पुढे जात नाही. मला हे सांगावंसं वाटतं, कारण त्या आशेवर मी स्वतः दोन वर्षं काढली आहेत.

तरीही चरबी वगळून उरलेलं जे शरीर, म्हणजे स्नायू, अवयव, हाडं, पाणी, त्यातच भुकेचं मोठं उत्तर आहे, असं गेल्या काही वर्षांत दिसून आलंय. लीड्स विद्यापीठातल्या जॉन ब्लंडेल यांच्या गटानं जाड माणसांच्या शरीराची रचना मोजली आणि मग त्यांना मनाला येईल तेवढं खाऊ दिलं. कोण किती खाणार हे चरबीवरून सांगता येत नव्हतं, वजन आणि उंचीच्या गुणोत्तरावरूनही नाही. चरबी वगळून उरलेलं शरीर ज्याचं मोठं, त्याचं एका वेळचं आणि दिवसाचं खाणंही मोठं. पुढच्या आकडेमोडीत त्यांना या दोहोंमधला दुवा विश्रांतीचा खर्च असावा असं दिसलं. चूल मोठी तर मागणी मोठी. हे वाचताना मला किती हायसं वाटलं, ते शब्दांत नीट येत नाही. चरबीचं बोलणं वेगळं असतं. ती लेप्टिन नावाचा निरोप मेंदूकडे पाठवत राहते, पुरेसा साठा आहे म्हणून. हा निरोप १९९४मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. साठा घटला की तो निरोप पटकन क्षीण होतो आणि भूक खवळते. साठा वाढतच गेला तर मात्र मेंदू तो फारसा ऐकेनासा होतो. एक मागणारा आवाज, एक थांबवणारा, आणि थांबवणाऱ्याला मर्यादा.

माझी मुलगी गेल्या दोन वर्षांत माझ्यापेक्षा उंच झाली. तिच्या मांड्या घट्ट झाल्या, खांदे रुंदावले, बूट दोनदा बदलले. हे सगळं मी कौतुकानं पाहत होते, इतरांना सांगत होते. आणि त्याच शरीराचं पोट मागायला लागलं तेव्हा मी म्हणाले, अजून?

यात नुसता बोचरेपणा नव्हता, धोका होता, हे मला नंतर कळलं आणि घाबरायला झालं. अॅन लाउक्स या संशोधिकेनं तरुण मुलींवर काळजीपूर्वक प्रयोग केले. खाल्लेल्यातून व्यायामाचा खर्च वजा करायचा, आणि जे उरतं ते चरबी वगळून उरलेल्या शरीराच्या प्रत्येक किलोमागे किती येतं ते पाहायचं. किलोमागे ४५ कॅलरींच्या आसपास उरल्या तर घर नीट चालतं. ३०च्या खाली गेलं की अवघ्या पाच दिवसांत मेंदूतून पाळीचं चक्र चालवणारे संदेश विस्कटायला लागतात. शरीर एकेक दिवा मालवायला घेतं. पाळी लांबते किंवा थांबते, हाडं भरायच्या वयात हाडांची भर थांबते, खेळताना बारीक भेगा पडतात. जगभरातल्या मुली धावतात, पोहतात, नाचतात, आणि कुणीतरी जेवणाच्या टेबलावर सहज काहीतरी म्हणतं. मी तिच्या वजनावरून आकडेमोड केली. सरावाच्या दिवशी तो परत ठेवलेला एक डाव तिच्यासाठी वरकड नव्हता. तो तिचा होता.

मला हे आधी कळायला हवं होतं, कारण मी स्वतः त्या थंड घरात राहून आले आहे. चौतिसाव्या वर्षी मी चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरवलं. रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे, श्वास सोडून. लोक कौतुक करायचे. कुणी विचारलं नाही की हिचे हात इतके गार का पडलेत. रात्री सगळे झोपल्यावर मी पाककृती वाचत बसायचे, कधीही न करायच्या पदार्थांच्या, पान पान. जेवताना घास मोजायचे आणि संपल्यावर ताटाकडे बघत राहायचे. मला वाटायचं माझ्या मनाला काही कीड लागली आहे. मग १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी केलेल्या प्रयोगाबद्दल वाचलं. युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ तरुणांनी स्वतःहून चोवीस आठवडे अर्धपोटी राहणं पत्करलं, उपाशी जगाला पुन्हा कसं जेवू घालायचं ते शिकता यावं म्हणून. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शानं उतरलं. ते पाककृतींची पुस्तकं जमवायचे, ताटं चाटायचे, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची, आणि बोलण्याचे सगळे विषय आटून एकच विषय उरला होता. तिथे मी सापडले. कीड नव्हती ती.

त्या प्रयोगाचा मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे. उपासमार संपून हवं तेवढं खायची मुभा मिळाल्यावर ते तरुण अक्षरशः हजारो कॅलरी खाऊ लागले, आणि पोट फुगेपर्यंत खाऊनही भूक राहिलीच. गमावलेली चरबी परत आली तरी थांबली नाही. अब्दुल दुलू यांनी १९९७मध्ये ते जुने आकडे पुन्हा उलगडून पाहिले तेव्हा दिसलं की चरबी मूळ पातळीच्या वर गेली, आणि चरबी वगळून उरलेलं शरीर पूर्ववत होईपर्यंत भूक मागतच राहिली. गेलेलं मांस परत मिळवायच्या नादात चरबी जादा साठली. माझे अकरा किलो दीड वर्षांत चौदा होऊन परतले होते. त्या दीड वर्षात मी स्वतःला जे जे म्हटलं, ते मी दुसऱ्या कुणालाही म्हणू धजले नसते. घाईघाईनं, व्यायामाशिवाय, थोडक्या खाण्यावर उतरवलेल्या त्या वजनात मी चरबीबरोबर मांसही जाळलं होतं, आणि शरीर ते मागायला आलं होतं. वर खर्चही आटलेला. १९९५मध्ये लायबल, रोझेनबाम आणि हर्श यांनी दाखवलं की वजन दहा टक्के उतरवून तिथे टिकवलं तर दिवसाचा खर्च साधारण १५ टक्के घटतो, नुसत्या लहान झालेल्या शरीरावरून अपेक्षित असतो त्याहून जास्त. आणि केविन हॉल यांच्या गणितानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. खर्च कमी, मागणी जास्त. या दोन दगडांच्या मधे माणूस उभा असतो आणि बाहेरून आपण त्याला इच्छाशक्ती नाही म्हणतो.

माझ्या वेळी मागणी होती तरी. आईच्या बाबतीत तीच नव्हती, आणि हे मला बरेच दिवस सुटलं नाही.

तिचं वजन दहा वर्षांत दीड-दोन किलोंच्या पलीकडे हललेलं नाही. त्यावर मी निर्धास्त होते. मग तिच्या गुडघ्यासाठी जात होतो तिथल्या फिजिओथेरपिस्टनं तिला एका यंत्रावर उभं केलं, दोन्ही हातांत दांडे धरायला लावले. अंगातून न जाणवणारा बारीकसा विद्युतप्रवाह जातो, पाणी धरून असलेल्या मांसातून तो सहज जातो, चरबीतून अडखळत, आणि त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. कागद बाहेर आला. वजन तेच. पण आतली मांडणी पार बदललेली. मांड्यांचे स्नायू तिच्या उंचीच्या बाईला असावेत त्याच्या कितीतरी खाली, आणि त्यांची जागा चरबीनं भरून काढलेली. काट्याला दोन्ही सारखेच. मी तिचे पाय रोज पाहत होते, सुरकुत्यांखालून कुणी निघून जातंय हे दिसलं नव्हतं. "वजन तर बरोबर आहे ना," आई विचारत होती, आणि मी हो म्हणाले.

पहिल्यांदा वाटलं, उत्तर मिळालं. चूल लहान झाली, मागणी लहान झाली. पण हिशोब जुळेना. पाच किलो स्नायू गेले असं धरलं तरी विश्रांतीतला खर्च ६५ कॅलरींनीच घटेल. तेवढ्यानं अर्धं ताट मागे राहत नाही. आणि मिनेसोटातल्या तरुणांचं मांस गेलं तेव्हा भूक भडकली होती, इथे विझली. मग इतर गोष्टी दिसत गेल्या. अवयवांचा वेगही मंदावतो. २०२१मध्ये २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांच्या खर्चाची मोजणी एकत्र मांडली गेली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या माणसांपर्यंत. ओळखू येतील असे खुणेचे अणू असलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि आठवडाभर ते अणू शरीरातून कसे बाहेर पडतात ते पाहायचं, अशी ती रीत. शरीराचा आकार आणि रचना हिशोबात धरली, तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळजवळ स्थिर असतो. (तिशीनंतर चयापचय मंदावतो, असं मी कितीतरी जणींना ठासून सांगितलं आहे.) साठीनंतर मात्र तो दर वर्षी सुमारे ०.७ टक्क्यांनी उतरत जातो. शिवाय म्हातारपणी वास आणि चव मंदावतात, पोट हळू रिकामं होतं, पोट भरल्याचे निरोप लवकर आणि जोरात जातात. आणि हालचाल. आई दिवसात किती वेळा उठते, ते मी एका रविवारी मोजलं. अकरा.

पण मला हलवून गेला तो सुझन रॉबर्ट्स यांचा १९९४मधला प्रयोग. तरुण आणि वयस्क पुरुषांना तीन आठवडे गरजेपेक्षा कमी खायला दिलं, मग मोकळं सोडलं. तरुणांनी आपोआप जास्त खाऊन घट भरून काढली. वयस्कांनी नाही. त्यांना आपण कमी आहोत हे कळलंच नाही. एखादा आजार, एखादं दुःख, आठवडाभर अंथरूण, आणि गेलेलं परत मागणारा आवाजच नाही. आईला तीन वर्षांपूर्वी न्युमोनिया झाला होता. बाबा त्याच वर्षी गेले. त्यानंतर ती पूर्वीसारखी जेवली नाही, आणि मी त्याला दुःख म्हटलं, मग हट्ट म्हटलं, मग वय म्हटलं. "खात नाहीस म्हणून अशी झालीयेस," मी म्हणाले होते. अशी झाली म्हणून खात नव्हती, हेही तितकंच खरं होतं. कुठून सुरुवात झाली, ते आता तिलाही सांगता येणार नाही.

आग्रह करून काय होतं, याचंही उत्तर १९९४मधलंच आहे. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी शुश्रूषागृहातल्या शंभर वृद्धांबरोबर काम केलं, सरासरी वय ८७. काहींना पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीच्या पुढे गेली. नुसत्या पेयानं काहीच साधलं नाही. एकूण खाणं फक्त त्यांचंच वाढलं ज्यांना पेयाबरोबर व्यायामही होता. मी तो तक्ता पुन्हा पुन्हा वाचला. सत्त्याऐंशीव्या वर्षी! वरून ओतलेलं शरीर घेत नव्हतं. कामाला लावलेल्या मांसाला मात्र ते हवं होतं.

म्हणून आता संध्याकाळी आमच्याकडे खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली असते. आई हात छातीशी घेऊन उठते, बसते, उठते. सुरुवातीला चार वेळाच जमायचं आणि तिचा चेहरा लाल व्हायचा, ओठ घट्ट मिटलेले. मला ते बघवायचं नाही. मुलगी समोर जमिनीवर मांडी घालून बसते आणि मोठ्यानं मोजते. "आजी, सात! आजी, श्वास सोड. आठ." परवा चौदा झाले. ताट कधी संपतं, कधी नाही. गेल्या आठवड्यात तीन दिवस आईनं जवळजवळ काही खाल्लं नाही आणि कारणही सांगितलं नाही. मी ताटाकडे न बघायला शिकते आहे. ते अवघड जातं.

मुलीची मी माफी मागितली. "कधी म्हणालीस? मला आठवत पण नाही," ती म्हणाली, आणि मोबाइलकडे वळली. पण त्या रात्रीपासून ती माझ्यासमोर दोनदाच वाढून घेते. मोजून दोनदा. मी भांडं तिच्याजवळ सरकवते, झाकण काढून ठेवते, उठून दुसऱ्याच कामाला लागते. दोनदाच. उरलेलं ती साडेनऊ-दहाला खाते, स्वयंपाकघरात उभ्यानं, मी माझ्या खोलीत गेल्यावर. मला झाकणाचा आवाज येतो. पहिल्यांदा मी उठून जायला निघाले होते, मग दाराशीच थांबले. आता झाकण वाजलं की हातातलं पुस्तक तसंच धरून बसते.

काल झाकण वाजलं आणि पाठोपाठ आईच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कोण आहे गं?" मग तिची पावलं, हळू, भिंतीला हात लावत लावत येणारी. स्वयंपाकघरात दोघींचं दबक्या आवाजात काहीतरी बोलणं झालं, मुलगी हसली. डाव एकदा वाजला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा वाजला. दुसरा कुणासाठी होता ते बघायला मी गेले नाही.